जलतापमान आणि मत्स्यपिलांचे संगोपन

बहुतेक मासे अनियततापी असल्याने त्यांच्या शरीराचे तापमान सभोवतालच्या पाण्याइतकेच असते. त्यामुळे अंड्यांचा विकास, चयापचय, वाढ व रोगप्रतिकार या क्रियांचा वेग पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतो. उदा., इंद्रधनुषी ट्राउटची अंडी १०° से. तापमानास सुमारे ३१ दिवसांत फुटतात, ४.५° से.च्या आसपास त्यांना सुमारे ८० दिवस लागतात.

या संबंधाचा ऐतिहासिक उपयोग अंड्यांच्या वाहतुकीत झाला. इंग्लंडहून टास्मानियास सामन माशाची अंडी नेण्याचे १८६० व १८६२ मधील प्रयत्न फसले. जेम्स यूल यांनी बर्फाच्या तळघरात प्रयोग करून, ओलसर शेवाळीत ठेवलेल्या अंड्यांचा विकास थंडीने मंदावतो व ती दीर्घकाळ जिवंत राहतात, हे पडताळले. त्यानुसार १८६४ मध्ये ‘नॉर्फक’ जहाजाच्या बर्फकोठीतून सामन व ट्राउट यांची अंडी पाठविण्यात आली. सुमारे तीन महिन्यांच्या प्रवासानंतर, मे महिन्यात प्लेंटी नदीकाठी ट्राउटची पिले बाहेर पडली. ट्राउट तेथे स्थिरावला. सामन मात्र स्थिरावला नाही. काश्मीरसाठी आणलेली ट्राउटची अंडी १८९९ मध्ये वाटेतच नष्ट झाली. १९०० मधील खेप यशस्वी ठरली.

विसाव्या शतकात या अनुभवास प्रयोगांची जोड मिळाली. कॅनडातील जे. आर. ब्रेट व त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये सॉकाय सामनच्या बोटुकलींवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. भरपूर खाद्य मिळाल्यास सर्वाधिक वाढ सुमारे १५° से.ला होते, रोजचे खाद्य शरीरभाराच्या १.५ टक्क्यांवर आणल्यास ती सुमारे ५° से.ला होते. उबदार पाण्यात केवळ जगण्यासाठीच अधिक ऊर्जा खर्च होते व वाढीसाठी थोडी उरते, हे त्याचे कारण होय. म्हणजे इष्टतम तापमान खाद्यानुसार बदलते.

तापमानवाढीचा आणखी एक धोका ऑक्सिजनाच्या तुटवड्याचा आहे. गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये ०° से.ला सुमारे १४.६ मिग्रॅ., तर २०° से.ला सुमारे ९.१ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळू शकतो. माशांची गरज मात्र याच वेळी वाढते. फ्युरंक्युलोसिससारखे जंतुरोग उबदार पाण्यात बळावतात. उलट, थंडीने प्रतिकारक्रिया मंदावते व पिलांना शीतजलरोग होऊ शकतो. पर्वतीय प्रवाहांचे पाणी तापू लागल्याने ट्राउट-संवर्धनापुढील हा प्रश्न अधिक गंभीर होत आहे. म्हणून संगोपनकेंद्रांत तापमान, खाद्य व ऑक्सिजन यांचा एकत्रित विचार करणे आवश्यक ठरते.