निळ्या पत्राची कुळकथा

लोधीखेड्यात त्याला सगळे ‘इनलँड’च म्हणत. निळा कागद, कडेला डिंक, घडी घातली की तेच पत्र आणि तेच पाकीट. मागच्या बाजूला हिंदीत तंबी छापलेली: आत काही ठेवू नका. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात घरात मराठी आणि सरकारी कागदावर हिंदी, म्हणून ती ओळ आम्ही पोरंही वाचत असू. अशी तंबी त्याआधी समुद्रापार लढायला गेलेल्या शिपायांच्या पत्रांवरही होती.

पहिल्या महायुद्धात, १९१४च्या ऑक्टोबरात, ११७वी मराठा पलटण मुंबईहून जहाजात बसली आणि नोव्हेंबरात इराकच्या फाव बंदरावर उतरली. सोबत भारतीय टपाल खात्याची माणसं आणि ‘आय. ई. एफ.’ (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स) ही अक्षरं छापलेली तिकिटं होती. लिहिता न येणारा शिपाई दुसऱ्याकडून लिहवून घेई, आणि गावात तेच पत्र कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवी. मधे सेन्सॉर बसलेला. फ्रान्समधल्या भारतीय पलटणींची पत्रं तपासणाऱ्यांना ‘काळी मिरची’ आणि ‘लाल मिरची’ सापडली. काळी म्हणजे आपले शिपाई, लाल म्हणजे गोरे. जहाजाचं नाव नको, ठिकाण नको, किती मेले ते तर नकोच. मग उरतं काय? साष्टांग नमस्कार, येथील सर्व क्षेम, थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. आपल्या पत्रलेखनाचा हा जुना साचा जणू सेन्सॉरसाठीच घडवला असावा, इतका तो बिनबोभाट पार होई. आईला तेवढंच पुरे असे. पत्र आलं, म्हणजे लिहिलं त्या दिवशी तरी लेक जिवंत होता.

दुसऱ्या महायुद्धात आणखी एक अडचण आली. १९४०च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली, भूमध्य समुद्राची वाट बंद झाली आणि इजिप्तमधल्या फौजेची विलायतेची डाक आफ्रिकेला वळसा घालून महिनोन् महिने फिरू लागली. विमानात जागा थोडी आणि कागदाला वजन फार. १९४१मध्ये ‘एअरग्राफ’ निघाला: ठरावीक कागदावर लिहायचं, त्याचा फोटो फिल्मवर घ्यायचा, फिल्म विमानानं पाठवायची आणि तिकडे मोठा करून छापायचा. साधारण १,६०० पत्रं, म्हणजे ५० पौंडांचं ओझं, पाचेक औंसांच्या फिल्ममध्ये मावे. मात्र पत्र चारचौघांच्या हातांतून जाई. बायकोला लिहिलेलं असं उघडं जाणं कुणाला रुचणार?

उत्तर इराकमध्ये आधीच तयार होतं. तिथल्या टपाल खात्याचे प्रमुख डग्लस गम्बली यांनी १९३३मध्ये पातळ, स्वतःच बंद होणारं हवाई पत्र काढलं होतं. १९४१मध्ये मध्यपूर्वेतल्या सैनिकांना तसंच पत्र मिळालं: वजन औंसाचा दहावा हिस्सा, घडी आतल्या आत, मजकूर झाकलेला. त्यात काही भरलं की वजन वाढणार, म्हणून सक्त मनाई. पुढे इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तोवर अशी हलकी हवाई पत्रं फौजांमध्ये रुळली होती.

युद्ध संपलं, कागद राहिला. १९४९मध्ये रात्रीची हवाई डाक सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री आमच्या नागपुरात भेटून थैल्यांची अदलाबदल करत. २ ऑक्टोबर १९५० रोजी आंतरदेशीय पत्र, म्हणजे आमचं ‘इनलँड’, आलं आणि सासरी गेलेल्या लेकी त्यावर माहेरी लिहू लागल्या.

फौजेनं मात्र स्वतःची वहिवाट सोडली नाही. १९८७मध्ये श्रीलंकेत शांतिसेना गेली, तिच्यासोबत फील्ड पोस्ट ऑफिसंही गेली. जवानाच्या पत्त्यात देश किंवा गाव नसतोच. क्रमांक, नाव, पलटण आणि शेवटी ५६ किंवा ९९ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) एवढंच. लेक कुठे आहे हे लिहिणाऱ्या बापाला ठाऊक असण्याची गरज नाही, पत्राला वाट ठाऊक असते.