बरं झाल्यावरचा वेळ

हा भाग ज्यांना ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी इथे लिहून देतेय. बोलले तसंच ठेवलंय, फक्त अडखळले ते काढलंय.

आपल्या पॉडकास्टवर इतिहास म्हटलं की माहुली येतो, सिद्धगड येतो, भाई कोतवाल येतात. आजचा इतिहास वेगळा आहे. त्यात किल्ला नाही, लढाई मात्र आहे. ब्रेस्ट कॅन्सरचे उपचार संपतात, डॉक्टर सांगतात की आता घरी जा, तपासणीला येत रहा, आणि बाई घरी येते. त्यानंतर तिच्या हातात जो वेळ असतो, त्याचा हा इतिहास. तो वेळ आला कुठून, कोणी मिळवून दिला, आणि त्याचं करायचं काय?

हा विषय निघाला माझ्या आत्यामुळे. ती मुरबाड तालुक्यात राहते. तिचे उपचार संपून सहा वर्षं झाली. घरातले सगळे तिला एकच सांगतात, "आता आराम कर." परवा ती मला म्हणाली, "बाय, आराम करायला बरी झाले का मी?" मला उत्तर सुचलं नाही. म्हणून वाचायला बसले.

सुरुवात फार मागून करूया. साधारण अडीच हजार वर्षांपूर्वी इराणच्या दरायस राजाची राणी होती, अ‍ॅटोसा. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की तिच्या छातीवर गाठ आली. गाठ लहान होती तोवर तिने लाजेपोटी कोणालाच सांगितलं नाही. वाढली, फुटली, तेव्हा तिने डेमोसिडीस नावाच्या ग्रीक वैद्याला बोलावलं. तो दरबारात जवळजवळ कैदीच होता. तो म्हणाला, मी बरं करतो, पण मी मागेन ते द्यायचं. राणी बरी झाली. वैद्याने मागितलं काय? आपल्या गावी परत जायची वाट. ती त्याला मिळाली, आणि तो दक्षिण इटलीतल्या क्रोटोनला, आपल्या घरी पोचला.

ती गाठ कॅन्सरचीच होती का, हे हिरोडोटस सांगत नाही. नंतरच्या डॉक्टरांनी तसा अंदाज केला. पण गोष्ट बघा ना. लाजेने लपवलेली गाठ, आणि फी म्हणून मागितलेलं घर. शहापूरच्या एखाद्या पाड्यावर आजही यातलं पहिलं जसंच्या तसं घडतं. "दुखत नाही ना, मग कशाला सांगायचं?" हे मी स्वतः ऐकलंय. अडचण अशी की ही गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही.

आता एकदम पुढे येऊ. १८९४ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड या सर्जनने आपल्या मोठ्या शस्त्रक्रियेचे निकाल छापले. पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. जितकं जास्त कापू तितका रोग मुळापासून जाईल, हा त्यामागचा विचार. त्या काळात ती मोठी झेप होती. पण छातीचे स्नायू गेले की खांदा नीट वर होत नाही, हात सुजतो. बाई जगायची, पण पाण्याची कळशी उचलताना, पोर कडेवर घेताना रोज तो हात आठवण करून द्यायचा.

हीच पद्धत पुढे सत्तर-ऐंशी वर्षं जगभर चालली. मग पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी प्रश्न विचारला की एवढं कापायची गरज आहे का? त्यांनी मोठ्या चाचण्या घेतल्या. १९८५ साली निकाल आला की लहान गाठ असेल तर फक्त गाठ काढून वर रेडिएशन दिलं तरी बायका तितक्याच जगतात. इटलीत मिलानच्या उंबर्टो वेरोनेसी यांचा निकालही तसाच होता. २००२ साली दोघांच्या वीस-वीस वर्षांच्या नोंदी छापून आल्या आणि उत्तर बदललं नाही. म्हणजे आयुष्य तेवढंच, पण ते जगायला हात शाबूत.

आता आपल्याकडे येऊ. शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ साली पुरं झालं आणि आपलं पाणी मुंबईला जायला लागलं. आपली माणसं उपचारासाठी त्याच वाटेने जातात. शहापूरहून आसनगावला या, लोकल पकडा, दादर किंवा परळला उतरा. मुरबाडला तर रेल्वेच नाही. आधी एसटीने कल्याण, मग लोकल.

परळला काय आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने हॉस्पिटल बांधलं. २८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल सुरू झालं. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे.

त्याच परळमध्ये एक मराठी बाई काम करत होती. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. ८ नोव्हेंबर १९१७ ला पुण्यात जन्म, शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. २०२१ साली त्यांच्या वाढदिवशी गूगलने डूडल केलं होतं, तुमच्यातल्या काहींनी ते फोनवर पाहिलंही असेल. इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी उंदरांवर काम केलं. ब्रेस्ट कॅन्सरचा आनुवंशिकतेशी संबंध आहे, हार्मोन्सशी आहे, हे त्या फार लवकर मांडत होत्या. १९७३ साली त्यांनी इतर शास्त्रज्ञ बायकांबरोबर इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशन काढली, १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. आणि उतारवयात त्या काय करत होत्या? सह्याद्रीच्या पलीकडे, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, आदिवासी मुलांच्या पोषणाच्या नोंदी आणि खेड्यातल्या बायकांना आरोग्याचा सल्ला. प्रयोगशाळेतून निघून त्या घराघरापर्यंत आल्या.

घराघरावरून आठवलं. १९९८ साली टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका. निम्म्या वस्त्यांमध्ये शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करायच्या. महागडं मशीन नाही, फक्त शिकलेला हात. वीस वर्षांनंतरचा निकाल २०२१ साली आला. तपासणी झालेल्या वस्त्यांत रोग उशिरा, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण ३७ टक्के होतं, दुसरीकडे ४७ टक्के. सगळ्या वयांचे मृत्यू एकत्र मोजले तर १५ टक्के कमी दिसले, पण तो फरक योगायोगानेही येऊ शकेल इतपतच होता. पन्नास आणि त्यापुढच्या बायकांमध्ये मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. आपल्या गावात आशाताई दारात आली की "नंतर ये" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवा.

अजून एक गोष्ट, जी आपल्या भागासाठी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रेडिएशन. पूर्वी ते आठवड्यातून पाच दिवस असं पाच आठवडे चालायचं, म्हणजे २५ वेळा. ब्रिटनमधल्या चाचण्यांनी दाखवलं की तीन आठवड्यांत १५ वेळा दिलं तरी चालतं. २०२० साली त्याच देशातून निकाल आला की एका आठवड्यात पाच वेळाही बऱ्याच बायकांना पुरतं. कोणाला किती, हे डॉक्टरच ठरवणार. पण मुंबईत राहणाऱ्याला हा फरक जितका वाटतो, त्यापेक्षा मुरबाडला कितीतरी मोठा आहे. माझ्या आत्याला १५ वेळा जावं लागलं. ती तीन आठवडे कल्याणला माझ्या काकांकडे राहिली. जुनी पद्धत असती तर अजून दोन आठवडे. तेवढ्यात घरी भात कापून झोडून झाला असता, आणि ती लोकलमध्ये उभी असती.

म्हणजे बघा, हा सगळा इतिहास मला वेळ परत मिळवण्याचा इतिहास वाटतो. कोणी हात परत दिला, कोणी वर्षं, कोणी दोन आठवडे. पण परत मिळालेल्या वेळात काय करायचं, हे कोणी सांगितलं?

इथे दोन नावं घेते. पहिलं टेरीज लॅसर. न्यूयॉर्कच्या या बाईची १९५२ साली ती मोठी शस्त्रक्रिया झाली. हात वर कसा करायचा, कपडे कसे घालायचे, नवऱ्याशी काय बोलायचं, हे तिला सांगणारं कोणी नव्हतं. मग तीच हॉस्पिटलात जाऊन दुसऱ्या बायकांना सांगायला लागली. डॉक्टरांना ते आवडलं नाही. पण त्यातून 'रीच टू रिकव्हरी' उभं राहिलं, आणि १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपलं मानलं.

दुसरं फिट्झह्यू मुलन. स्वतः डॉक्टर, आणि तरुणपणीच छातीतल्या कॅन्सरमधून गेलेले. १९८५ साली त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की रुग्ण आणि बरा झालेला, एवढे दोनच कप्पे नसतात. मध्ये ऋतू असतात. आधी उपचारांचा, मग धास्तीत वाट बघण्याचा, मग कधीतरी स्थिरावण्याचा. बुडत्याला पाण्यातून बाहेर काढायचं आणि किनाऱ्यावर सोडून निघून जायचं, तसं आपण करतो, अशी त्यांची तक्रार होती.

हा मधला ऋतू आत्याने पाहिलाय. दर तपासणीच्या आधी आठवडाभर तिला झोप नसते. शिवाय गावात एका घराने तिला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं होतं. कॅन्सर शिवण्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही, हे कितीदा सांगायचं? तिच्या बचत गटाच्या मैत्रिणींनी मात्र गटाची मीटिंगच तिच्या ओट्यावर आणली. केस गेलेले होते तेव्हाही, आणि केस आले तेव्हाही.

आता एक नाजूक मुद्दा. "आनंदी रहा, माणसांत रहा, कॅन्सर पळून जाईल" असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. यालाही इतिहास आहे. १९८९ साली अमेरिकेतल्या डेव्हिड स्पीगल यांनी ८६ बायकांचा अभ्यास छापला. रोग शरीरात पसरलेल्या या बायकांपैकी ज्या दर आठवड्याला गटात बसून मन मोकळं करायच्या, त्या जास्त जगल्या असं दिसलं. जगभर बातमी झाली. मग २००१ साली कॅनडातून २३५ बायकांचा मोठा अभ्यास आला. आयुष्य वाढलं नाही. पुढे स्पीगल यांनी स्वतः पुन्हा करून पाहिलं, तेव्हाही वाढलं नाही. पण कॅनडातल्या त्या गटातल्या बायकांचं मन हलकं झालं होतं, आणि दुखणं कमी वाटत होतं.

मला हे वाचून वाईट वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं झालं. म्हणजे एखादी बाई गेली, तर ती पुरेशी हसली नाही म्हणून गेली, असं कोणी म्हणू शकत नाही. माणसं हे औषध नव्हे. औषध हे माणसांसाठी आहे. गोळ्या, सुया, रेडिएशन हे सगळं कशाला केलं, तर पुन्हा त्या ओट्यावर बसता यावं म्हणून.

आत्याच्या काखेतल्या गाठी काढल्यात, त्यामुळे तिचा हात अधूनमधून सुजतो. आवणीला ती आता चिखलात उतरत नाही. बांधावर बसते, चहा करून देते, आणि कोणाची रोपं वाकडी लागलीत ते ओरडून सांगते. पौषात मैत्रिणींबरोबर म्हशाच्या यात्रेला जाते. गेल्या वर्षी तिथून एक घोंगडी आणली, भाव करण्यात तासभर घालवून. घरचे म्हणाले, एवढी दगदग कशाला? मला आता वाटतं की त्या वाचलेल्या दोन आठवड्यांचा हाच तर उपयोग.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या घरात, वाडीत अशी कोणी असेल, तर तिला "आराम कर" म्हणून खाटेवर बसवू नका. तिला विचारा, कुठे जायचंय, कोणाला भेटायचंय. तपासणीच्या दिवशी लोकलमध्ये तिच्या शेजारची सीट तुम्ही घ्या. आणि आई, मावशी, आत्या, वहिनी, कोणाच्या छातीत गाठ, खळगी, स्तनाग्रातून रक्त, असं काही असेल तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचं आरोग्य केंद्र गाठा. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, बहुतेक नसतातच. पण ते ठरवायचं डॉक्टरने, लाजेने नाही.

हा भाग घरातल्या बायकांना स्पीकरवर लावून ऐकवा, आणि त्यांनी काही सांगितलं तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात आपण माहुलीवर जातोय, पाण्याची बाटली घेऊन या. भेटूया!