सुरतेहून लंडन किती दूर?

सुरत आणि लंडन या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे ७,००० किलोमीटर भरते. मुंबईहून निघालेले विमान आज नऊ-दहा तासांत लंडनला पोहोचते. परंतु सतराव्या शतकात सुरतेच्या इंग्रज वखारीत जाऊन कोणी हाच प्रश्न विचारला असता, तर त्याला उत्तर कोसांत मिळाले नसते, ऋतूंत मिळाले असते.

त्या काळी जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून यावे लागे. तो जलमार्ग सुमारे २०,००० किलोमीटरचा, म्हणजे आजच्या हवाई अंतराच्या जवळजवळ तिप्पट. पण खरी अडचण लांबीची नव्हे, वाऱ्याची होती. विलायतेहून फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास नांगर उचलला, म्हणजे पुढे नैर्ऋत्य मोसमी वारे साथ देत आणि पावसाचा जोर ओसरता ओसरता जहाज सुवाळीच्या बंदरास लागे. (तापीच्या मुखाशी गाळ फार, मोठी जहाजे सुरतेच्या धक्क्यापर्यंत येऊच शकत नसत.) परतीसाठी हिवाळ्यातील ईशान्येचे वारे धरावे लागत. मोसम हुकला की वर्ष बुडालेच म्हणून समजावे.

१६०७ साली निघालेला विल्यम हॉकिन्स वाटेत रखडत रखडत १६०८ च्या ऑगस्टमध्ये सुरतेस पोहोचला. सर टॉमस रो हा जहांगीर बादशहाच्या दरबारी येणारा इंग्लंडच्या राजाचा वकील. त्याचा काफिला १६१५ च्या मार्चमध्ये निघून सप्टेंबरात सुवाळीस आला. सहा-साडेसहा महिन्यांचा हा प्रवास त्या काळच्या मानाने सुखरूपच म्हटला पाहिजे. टॉम कोरियट नावाचा त्यांचा एक विक्षिप्त देशबांधव तर पश्चिम आशियातून चक्क पायी अजमेरपर्यंत आला होता. १६१७ च्या डिसेंबरात सुरतेतच त्याचा अंत झाला.

आता पत्रव्यवहाराचा हिशेब पाहा. जानेवारीत सुरतेहून जहाजाने धाडलेले पत्र पावसाळ्याच्या अखेरीस लंडनला पोहोचे. त्याचे उत्तर पुढच्या वसंतात निघे आणि सप्टेंबरात हाती पडे. म्हणजे एका प्रश्नाला वीस महिने! बसऱ्यावरून खुष्कीच्या वाटेनेही पत्रे जात. ती कधी लवकर पोहोचत, पण त्या वाटेचा भरवसा नसे. संचालकांचे हुकूम कितीही करडे असोत, ते येईपर्यंत येथील प्रसंग केव्हाच उलटून गेलेला असे.

जानेवारी १६६४ मध्ये हेच घडले. ५ तारखेच्या सकाळी शिवाजी महाराजांची फौज गणदेवीस आल्याची बातमी शहरात थडकली. गणदेवी ते सुरत हे अंतर जेमतेम एका दिवसाच्या दौडीचे. दुसऱ्याच दिवशी मराठे वेशीशी उभे राहिले. मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडला. अशा वेळी वखारीचा अध्यक्ष जॉर्ज ऑक्झिंडन याने लंडनला काय विचारावे? त्याने सुवाळीच्या जहाजांवरील खलाशी बोलावून वखार लढविण्याची तयारी केली आणि खंडणी देण्यास नकार दिला. तो निर्णय त्याचा त्यानेच घेतला. दुसरा मार्गच नव्हता. महाराज १० तारखेस परतले. लंडनच्या कचेरीला हे सारे कळले, ते कित्येक महिन्यांनी.

ऑक्झिंडन मायदेशी परतलाच नाही. १६६९ च्या जुलैमध्ये तो सुरतेस वारला. तेथील जुन्या इंग्रज कबरस्तानात त्याची आणि त्याच्या आधी गेलेल्या भावाची घुमटदार समाधी आजही उभी आहे.