दारू सोडणाऱ्याला ‘आप’ म्हणणारी माणसं

‘आदिवासी म्हटलं की दारू आलीच.’ धानोरा किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाचं नाव काढलं, की हे वाक्य मला ऐकावं लागतं. या भागाचा इतिहास मात्र दुसरंच सांगतो.

मोहाची दारू इथे पूर्वी घरोघरी गाळली जाई. देव, लग्न, मयत यांना ती लागे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर घरची भट्टी गुन्हा ठरली, ठेकेदाराचं दुकान मात्र कायदेशीर झालं. दुकानात उधारी वाढे आणि सरकारच्या तिजोरीत महसूल जमा होई.

१९२२ च्या सुमारास दक्षिण गुजरातेत देवीचं आंदोलन पेटलं आणि खानदेशापर्यंत पोचलं. देवी अंगात येई आणि सांगे: दारू सोडा, रोज आंघोळ करा. गावंच्या गावं एकत्र बसून दारू सोडत. अनेक ठिकाणी ती काही वर्षांत परतही आली.

पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज उभे राहिले. त्यांच्या आरतीला हजारो माणसं जमत. दारू सोडायची, आणि एकमेकांना ‘आप’ म्हणायचं. सावकार ज्याला आयुष्यभर ‘अरे-तुरे’ करत आला, त्याला त्याचेच लोक ‘आप’ म्हणू लागले. १९३८ मध्ये महाराज गेले; भाऊ रामदास महाराजांनी काम पुढे नेलं.

१९७० च्या दशकात शहादा भागात श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्याला त्या जाब विचारू लागल्या. नवऱ्याचं व्यसन त्यांनी घरातली झाकायची गोष्ट राहू दिली नाही.

आमच्याकडे दारू हराम आहे, हे लहान मूलही जाणतं. तरी मुस्लिम मोहल्ल्यांत व्यसन नाही, असं मी म्हणू शकत नाही. बंदी ठाऊक असल्यामुळे उलट घरं गप्प बसतात, आणि माणूस आणखी एकटा पडतो. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणातही उपचारात कुटुंबाला सोबत घेतात, ते याचसाठी.

व्यसनी माणसाला शिव्या देऊन दारू सुटत नाही. आधी त्याला माणूस म्हणून हाक मारावी लागते आणि घरच्यांचं ऐकून घ्यावं लागतं. ज्यांना आपण ‘पितातच’ म्हणतो, त्यांच्या आजोबांनी आणि आज्यांनी हे आपल्याआधी करून दाखवलं आहे.