'डीपी जळाली' म्हणजे नेमकं काय जळतं? आणि ती दुरुस्त कशी होते?

रब्बीत गव्हाला पाणी द्यायची वेळ आणि नेमकी डीपी जळते. गावाचा पहिला प्रश्न असतो, नवीन कधी येणार? बरेचदा येते ती नवी नसतेच, दुरुस्त केलेली असते.

डीपी म्हणजे वितरण रोहित्र. ते 11 हजार व्होल्टची वीज 433 व्होल्टवर आणतं. आत लोखंडी पत्र्यांचा गाभा, त्यावर तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तारेची कॉइल, तारेभोवती कागद आणि सगळं तेलात बुडालेलं. घात होतो तो या कागदाचा. क्षमतेपेक्षा जास्त पंप जोडले की कॉइल तापते. तापमान 6 ते 8 अंशांनी जास्त राहिलं, तरी कागदाचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. कागद गेला की शेजारचे वेढे एकमेकांना भिडतात.

कार्यशाळेत टाकी उघडून गाभा बाहेर काढतात. जळलेली कॉइल काढून तितक्याच वेढ्यांची नवी बसवतात. वेढे मोजताना चुकलं, तर व्होल्टेज चुकलं. पण खरा वेळ जातो वाळवण्यात. कागद हवेतला ओलावा शोषतो, त्यामुळे कॉइलसकट गाभा ओव्हनमध्ये कित्येक तास तापवावा लागतो. मेगरचं रीडिंग स्थिरावल्यावरच गाळलेलं तेल भरतात. इथे घाई केली तर तीच डीपी पुन्हा जळून परत येते.

जिवावरचं काम मात्र खांबावर आहे. डीपी काढण्याआधी एबी स्विच उघडला, लाइन बंद झाली, तरी धोका संपत नाही. गावात कुणी जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडला असेल, तर त्याचे 230 व्होल्ट रोहित्रातून उलटे जाऊन वरच्या तारांवर सुमारे 10 हजार व्होल्ट होऊ शकतात! म्हणून आधी तपासणी, मग दोन्ही बाजूंना अर्थिंग, आणि त्यानंतरच हात.

या कामात येणारे बहुतेक जण आयटीआयचा 2 वर्षांचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड करून येतात. कॉइल भरणं मात्र जुन्या कारागिराच्या शेजारी बसूनच जमतं.

डीपीवर काचेची छोटी बरणी दिसते, तो ब्रीदर. त्यातले निळे खडे गुलाबी पडले असतील, तर ते ओलावा शोषून संपलेत. हे लांबूनच बघा, हात लावू नका आणि लाइनमनला कळवा.