बोटुकलीसाठी आवर्तन

पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं. पावसाळ्यात दरवाजे उचलायचे म्हटलं की काठावरची गावं, खालचा पूल, तहसीलदारांचे फोन. उन्हाळ्यात आवर्तन, ऊस आणि वीज. विसर्गाच्या रजिस्टरात माशासाठी रकाना नव्हता. लेक उत्तर कॅलिफोर्नियात रेडिंगला असते. तिथून शास्ता धरण जवळच. धरण पाहून झालं, पण खालच्या सॅक्रामेंटो नदीत मासा क्युसेकच्या हिशेबात कसा शिरला, त्या इतिहासाने मला जास्त नादाला लावलं.

या नदीत चिनूक सॅमनचे चार गट चार वेगळ्या हंगामांत समुद्रातून चढतात. त्यातला हिवाळी चिनूक जगात दुसरीकडे कुठेच नाही. त्याची तऱ्हाही उफराटी: हिवाळ्यात चढायचं, महिनोन्महिने दम धरायचा आणि ऐन उन्हाळ्यात अंडी घालायची. तिथल्या उन्हाळ्यात ती टिकायची कशी? माउंट शास्ता या ज्वालामुखी पर्वताच्या परिसरात बारमाही गार झरे आहेत, मक्लाउड नदीला त्यांचंच पाणी. मासा थेट तिथवर जायचा.

त्याच मक्लाउडच्या काठी 1872 मध्ये लिव्हिंग्स्टन स्टोन या गृहस्थाने अमेरिकी सरकारचं पहिलं सॅमन बीजकेंद्र उभारलं. अंडी शेवाळात बांधून आगगाडीने पूर्व किनाऱ्याकडे जात. केंद्रावर राबायला तिथलेच विंटू लोक. त्यांच्यातल्या विन्नेमेम विंटूंनी 1887 मध्ये याच केंद्राविरुद्ध युद्धनृत्यही केलं. बीज हाताने काढता येतं, मग नदीचं काही का होईना, हा भरवसा माझ्या मते इथेच मूळ धरून बसला.

1938 ते 1945 या काळात 602 फूट उंचीचं शास्ता उभं राहिलं. माशाला वर जायला वाट ठेवली नाही. बीजकेंद्राची जागा आणि विंटूंची गावं जलाशयात गेली. हिवाळी चिनूक मात्र वाचला, तोही कुणी ठरवलं म्हणून नव्हे: वीजगृहातून सुटणारं पाणी जलाशयाच्या खोलातलं, म्हणून गार. धरणाखालच्या उघड्या नदीत तो उन्हाळ्यात अंडी घालू लागला. पुढे साठच्या दशकात खाली रेड ब्लफला कालव्यासाठी बंधारा झाला. त्याच्या दारांखालून घुसळून निघालेली पिल्लं भोवंडायची आणि टपून बसलेले मोठे मासे त्यांचा फडशा पाडायचे. 1969 मध्ये लाखावर मोजलेले मासे 1991 मध्ये दोनशेसुद्धा भरले नाहीत. 1994 मध्ये केंद्र सरकारने त्यांना संकटग्रस्त ठरवलं.

मुख्य काळजी होती ती तापमानाची. पाणी साधारण 13 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की अंड्यांची धडगत नसते. 1997 मध्ये धरणाच्या पाण्याकडच्या अंगाला एक अवाढव्य पोलादी सांगाडा बसवला; त्यातून हव्या त्या खोलीवरचं पाणी वीजगृहाला देता येतं. पण 2014 आणि 2015 च्या दुष्काळात तळाचं गार पाणीच संपलं आणि नदीतली बहुतेक अंडी गेली.

पिल्लू समुद्राकडे निघाल्यावर त्याचं काय होतं, हे कळायला आणखी वेळ लागला. रेड ब्लफला दोन तराफ्यांमध्ये नरसाळ्यासारखा भलामोठा शंकू पाण्यात सोडलेला असतो. प्रवाहानेच तो फिरतो आणि पिल्लं मागच्या पेटीत जमा होतात. त्यांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजायची आणि तारखेच्या तक्त्याशी ताडून कुठल्या हंगामाचं पिल्लू ते ठरवायचं. हा तक्ता नेहमी खरा ठरत नाही. आता जनुकं तपासतात. पिल्लांच्या पोटात तांदळाएवढं ध्वनियंत्रही बसवतात. नदीत ठिकठिकाणी ठेवलेली श्रवणयंत्रं त्याची किणकिण टिपत जातात.

वसंतात उतरणाऱ्या चिनूकच्या पिल्लांवरचा अशा नोंदींचा एक अभ्यास 2021 मध्ये आला. नदीच्या एका टप्प्यात प्रवाह 4,259 क्युसेकच्या खाली असला तर शंभरातली तीन पिल्लं तगली. 10,712 च्या वर गेला की निम्मी. 22,872 च्या पुढे आकडा पुन्हा घसरला. म्हणजे पाणी थोडं थोडं वाढवून थोडा थोडा फायदा, असं गणित नाही. उंबरठा ओलांडावाच लागतो. वेगाच्या, गढूळ पाण्यात पिल्लू लवकर पुढे सरकतं आणि शिकाऱ्याला दिसत नाही. मग धरणवाल्याने रोज चमचाभर पाणी सोडण्यापेक्षा साठवून चार दिवस एकदम सोडावं. हे तर आवर्तनच! अलीकडे शास्तातून वसंतात असे लोंढे सोडूनही पाहिले आहेत.

घोळ पुढेच आहे. वसंतात एका गटाच्या पिल्लांसाठी सोडलेलं पाणी उन्हाळ्यात हिवाळी चिनूकच्या अंड्यांना गार ठेवायला उरत नाही. शिवाय खाली भाताची खाचरं आहेत, शहरं आहेत. पाणीवाटपाच्या बैठकीत बसलेल्या कुणालाही हे भांडण समजावून सांगावं लागणार नाही. फक्त इथे हक्कदारांत मासेही, आणि तेही दोन्ही बाजूंनी.

2022 च्या उन्हाळ्यात हिवाळी चिनूकची सुमारे 40 हजार अंडी मक्लाउडमध्ये नेऊन ठेवली, विन्नेमेम विंटूंना बरोबर घेऊन. पिल्लं निघाली. त्यांना धरण ओलांडता येईना, म्हणून सापळ्यात पकडून गाडीने खालच्या नदीत आणून सोडली. विंटूंचं म्हणणं, धरणाला वळसा घालून वाहती वाट काढून द्या. तेवढ्या उंचीच्या धरणाला तशी वाट काढणं सोपं नाही, हे मी जाणतो. पण 1938 मध्ये आराखडा कागदावर असताना कुणी हा प्रश्न विचारला असता, तर तो आजच्यापेक्षा कितीतरी स्वस्तात सुटला असता.