परळची बाटली : ५३-एन

प्लेगचे नाव निघाले की मराठी वाचकाला प्रथम पुणे आठवते. रँड, चापेकर बंधू, २२ जून १८९७ ची रात्र. आणि त्याच वर्षी १० मार्चला रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच गेलेल्या सावित्रीबाई फुले. आपल्या स्मृतीत गणेशखिंडीला जागा आहे, परळला नाही. प्रयोगशाळेतील सुरक्षितता, जिला आज ‘जैवसुरक्षा’ म्हणतात, तिचा विचार करायचा तर मात्र परळकडेच वळावे लागते.

वाल्देमार हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जुजबी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. तिथे त्यांनी प्लेगचे जंतू मांसरसात वाढवले. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतू त्यांच्या आधाराने खाली लोंबत वाढतात. मांसरस बोकडाच्या मांसाचा, म्हणजे कोणाच्याच धर्मभावनेला धक्का लागू नये. वाढलेले जंतू उष्णतेने मारायचे, वर कार्बॉलिक अॅसिड घालायचे, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच ऑक्टोबरात गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सुईचा आणि त्या बोकडाचा अर्थ उलगडतो. लस निर्धोक असणे पुरेसे नव्हते. शहराला ती निर्धोक वाटावीही लागत होती.

१८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. एके काळी गव्हर्नर जिथे राहत, तिथे आता लसीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या. पंजाबातून प्रचंड मागणी आली, तेव्हा हाफकिन यांनी कृती बदलली. कार्बॉलिक अॅसिड वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस टोचली गेली. त्यांतल्या ५३-एन या एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना लस मिळाली, ते सर्व धनुर्वाताने मरण पावले. बाकीच्यांना काही झाले नाही.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिने ठरवले, की दोष परळचा. बाटली तिथेच दूषित झाली. अॅसिड वगळणे हा तर हाती सापडलेला पुरावाच होता. हाफकिन यांना पद सोडावे लागले. पण चौकशीच्या कागदपत्रांतच एक साधी गोष्ट नोंदलेली होती : मलकोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि ज्योतीवर न धरता, नुसता कार्बॉलिकच्या पाण्यात खळबळून तोच बुचाला लावला गेला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि अशा खळबळण्याने ते मरत नाहीत. शिवाय बाटली परळलाच दूषित झाली असती, तर इतक्या दिवसांत तिला दुर्गंधी आली असती. उघडणाऱ्याला तशी दुर्गंधी जाणवली नव्हती. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून हे मांडले. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

या प्रकरणाला सहसा अन्याय झालेल्या थोर शास्त्रज्ञाची कथा म्हणून वाचले जाते. आम्हांला ते दस्तऐवजाच्या दृष्टीने अधिक बोलके वाटते. मराठीत ‘चिमटा पडला’ आणि ‘चिमटा पाडला’ ही दोन वाक्ये एका स्वराने वेगळी होतात. पहिल्यात कर्ता नाही. दुसऱ्यात केवळ कर्ताच उरतो, आणि तो गुन्हेगार होतो. प्रयोगशाळेच्या नोंदीला या दोहोंमधले तिसरे वाक्य लागते : कोणाच्या हातून, केव्हा, कोठे पडला आणि त्यानंतर काय केले गेले. समितीने कर्ता शोधला, तो मोठा आणि दूरचा. कृतीतला बदल कागदावर स्पष्ट दिसत होता. जमिनीवरच्या चिमट्याला तेवढे वजन मिळाले नाही. तरीही हाफकिन सुटले ते नोंदींमुळेच. बाटलीवर क्रमांक होता म्हणून १९ मृत्यूंची वाट एका बुचापर्यंत काढता आली. आणि चिमटा पडल्याचे कोणी दडवले नाही म्हणून ती वाट परळला पोचण्याआधी थांबली.

आज जैवसुरक्षेला कायद्याचा आधार आहे. जनुकीय बदल केलेले जीव आणि घातक सूक्ष्मजंतू यांच्या हाताळणीचे नियम १९८९ साली आले. रुग्णालयांतल्या जैववैद्यकीय कचऱ्याचे १९९८ साली, आणि २०१६ साली ते नव्याने. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत २०१२ साली चौथ्या, म्हणजे सर्वोच्च, सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा उभी राहिली. हवेचा दाब, दुहेरी दारे, गाळण्या हे सारे आवश्यकच. परंतु हातातून काही निसटले तर ते निर्धास्तपणे सांगता येईल, अशी व्यवस्था कोणत्याही दाराने मिळत नाही. ज्या ठिकाणी सांगणाऱ्याची नोकरी जाते, त्या ठिकाणी चिमटे पडत नाहीत. निदान कागदावर तरी पडत नाहीत.

हाफकिन यांचे नाव परळच्या दारावर आहे. मलकोवालच्या १९ जणांना आपण एका क्रमांकाने ओळखतो, आणि परळला त्या बाटल्या धुणाऱ्या-भरणाऱ्या हातांना तर तेवढीही ओळख नाही. समितीचा ठपका खरे तर त्या हातांवरही होता. हाफकिन दोषमुक्त झाले तेव्हा तेही झाले. ते त्यांना कोणी कळवले की नाही, हे विचारण्याची तसदी इतिहासाने घेतलेली दिसत नाही.